आधी धरा!

वस्तू आपापसात मनमोकळं बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एक फोन अनसूयाबाईंबरोबर आगगाडीने नागपूरला निघाला होता. तिथे त्यांची लेक बाळंत व्हायची होती आणि जावयाचा फोन केव्हाही येणार होता.

पण फोनची बॅटरी संपत आली होती. बाईंनी खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये चार्जर खोचला, तरी गाडीने हिसका दिला की तो निसटायचा.

"तू ढिलं झालंयस!" चार्जर करवादला.

"तुझ्याच पिना बारीक!" सॉकेट फणकारलं.

"अरे, बाळाची बातमी यायचीय!" फोन कळवळून म्हणाला. "मी बंद पडलो तर बाईंना कळणार कसं? चूक कोणाची ते मागाहून ठरवा. आधी एकमेकांना धरा!"

दोघंही वरमली. चार्जरने अंग आत रेटलं, सॉकेटने त्याला घट्ट आवळलं. गाडी पुलावरून धडधडत गेली, पण कोणी सुटलं नाही. फोनला तरतरी आली आणि तेवढ्यात तो वाजलाच.

"आई, मुलगी झाली!" जावई ओरडला. मागे बाळाचं टॅहँ टॅहँ ऐकून अख्खा डबा हसला. अनसूयाबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"काय खणखणीत आवाज आहे!" चार्जर आनंदाने थरथरला.

"हलू नकोस रे," सॉकेट म्हणालं, "अजून सगळ्या गावाला कळवायचंय."