यजमानाचा शब्द

“म्हणजे चूक माझी, असं म्हणायचंय का तुम्हाला, अक्का?”

अक्का काहीच म्हणाल्या नव्हत्या. मठाच्या ओसरीवर बसून त्या शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या.

विश्वंभर सावर्डेकर मात्र उभाच होता. लहानपणी तो याच ओसरीवर अक्कांच्या हाताखाली शिकला, पुढं पुलांचा इंजिनिअर झाला. यंदाच्या पुरात जुना पूल वाहून गेला आणि नदीपलीकडच्या वाड्या तुटल्या, तेव्हा त्या जगवायचं काम त्याच्याकडं आलं. त्यानं तारेच्या दोरावरून नदीपार जाणारा एक पाळणा उभा केला. धान्य, औषधं, माणसं, सगळी ये-जा त्यातून. वर्तमानपत्रात फोटोही छापून आला होता. फोटोत पाळणा थोडा होता, विश्वंभर जास्त.

अंगणात जीपला टेकून धोंडू पाष्टे उभा होता. पाळणा ओढायचं यंत्र चालवणारा तो. दोष कुणाचा, हे आज वरच्या ऑफिसला कळवायचं होतं. नाव गेलं की धोंडूची नोकरी गेली.

“पुन्हा सांग,” अक्का म्हणाल्या.

“पलीकडं एका पोरीच्या पायाला साप चावला, फुरसं. पाळणा अलीकडं, रिकामा. तिकडून लोक हात हलवतायत, बोंबलतायत. आणि हा बाबा यंत्रापाशी ढिम्म! का, तर माझा फोन आला नाही.”

“तू कुठं होतास?”

“तालुक्याला. मोठ्या साहेबांपुढं आमच्या कामाची माहिती देत होतो. तिथं फोन बंद ठेवावा लागतो.”

“मग?”

“मग डोलीत घालून डोंगरावरनं आणली तिला. वाचली. पण...”

“पण?”

“पाय कापावा लागला.”

अक्कांच्या हातातली शेंग मोडायची राहिली...

“माझ्या शब्दाशिवाय पाळणा हलवायचा नाही, हा नियम माझाच. कबूल. पण का केला मी तो? पहिल्या दिवशी जो तो घुसत होता. पाळणा उलटायचाच बाकी राहिला होता. नियम केला आणि त्यानंतर एक पोतं भिजलं नाही की कुणाला खरचटलं नाही. पण अक्का, माणसाला देवानं डोकं दिलंय ना? ते वापरायलाही माझी परवानगी लागते?”

“धोंडूनं कधी वापरलं होतं?”

“काय?”

“डोकं.”

“एकदा. मला न विचारता कांबळी पाठवून दिली पलीकडं.”

“बुडाली?”

“नाही.”

“मग तू काय केलंस?”

“...बोललो थोडं.”

“कुणापुढं?”

“होते... सगळेच होते.”

अंगणात धोंडू एकाएकी जीपचं चाक निरखायला लागला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

अक्कांनी शेंगांची परात आत दिली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

“चल, पानं घ्यायची वेळ झाली. आज यजमान तू.”

“मी?”

“तू. आणि रीत माहिताय ना?”

माहीत होती. या मठात यजमानानं ‘सावकाश होऊ द्या’ म्हटल्याशिवाय पानाला कुणी हात लावत नसे. अक्कासुद्धा नाही.

विश्वंभरला बरं वाटलं. कुणी जबाबदारी टाकली की तो आपोआप ताठ उभा राहायचा.

पंगतीला घाटातली दरड उपसणारी माणसं होती, त्यांच्या बायका होत्या, पोरं होती. विश्वंभरनं बाह्या सरसावल्या. वाढणाऱ्यांना दोन बाजूंनी सोडलं, म्हणजे मधे कुणी कुणाला धडकायला नको. भात शेवटी घ्यायला लावला, म्हणजे गरम राहील. एरवी मठात आमटी आणि भांडण एकदमच पानात पडायचं. आज सगळं कसं सुरळीत.

धोंडू पंगतीच्या टोकाला बसला.

अक्का आपल्या पानावर आल्या. कमळीनं, म्हणजे त्यांची सेवा करणाऱ्या मुलीनं, त्यांच्या दंडात रोजची सुई टोचली. साखरेचा जुना आजार. सुई झाली की लगोलग पोटात घास जायला हवा, नाहीतर जिवाशी खेळ. हे मठात सगळ्यांनाच ठाऊक होतं. विश्वंभरलाही.

भात वाढून झाला. विश्वंभरनं पंगतीवरून एकदा नजर फिरवली आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“एक मिनिट हं,” असं म्हणून तो बाहेर गेला. आत फोन वाजायचा, पण बोलणं नीट ऐकू यायचं ते विहिरीपाशीच.

ऑफिसातले भाटकर होते. “साहेब, नाव हवं होतं. कागद अडलाय.”

विश्वंभरनं क्षणभर मठाच्या दाराकडं पाहिलं.

“धोंडू पाष्टे. लिहा.”

“लिहिलं. आणि साहेब, त्या पाळण्याबद्दल तुम्ही शेजारच्या जिल्ह्यात बोलावं, असं वरून आलंय. काय सांगणार आहात ते थोडक्यात...”

थोडक्यात सांगणं विश्वंभरला कधी जमलं नव्हतं. त्यानं दोर कसा बांधला ते सांगितलं. पहिल्या दिवशीचा गोंधळ सांगितला, नंतरची शिस्त सांगितली. विहिरीच्या काठावर बसून, मग उभं राहून, मग येरझारा घालत सांगितलं. भाटकर “वा, वा” म्हणत राहिले.

तो परत आला तेव्हा आत चिडीचूप होतं.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, काय शिस्त आहे!

मग त्याला पानं दिसली. भात सुकून कडक झालेला. आमटीवर माश्या. एक छोटी पोर मुसमुसत होती आणि तिच्या आईनं तिचा हात मुठीत पकडून ठेवला होता, पानापासून लांब.

मग अक्का दिसल्या.

कपाळावर घाम. ओठ पांढरे पडलेले. मांडीवर ठेवलेला हात थडथड उडत होता. मागं कमळी उभी होती. तिच्या हातात गुळाचा खडा होता, आणि डोळे दाराकडं.

“अक्का!”

विश्वंभर पानं ओलांडत धावला. कमळीच्या हातातला गूळ हिसकावून त्यानं अक्कांच्या ओठांशी धरला.

ओठ मिटलेलेच. अक्का नुसत्या त्याच्याकडं बघत राहिल्या...

“घ्या ना! अक्का, तोंड उघडा... अहो सावकाश! सावकाश होऊ द्या!”

‘सावकाश’ हा शब्द इतक्या घाईनं त्या मठात कुणी उच्चारला नसेल.

अक्कांनी तोंड उघडलं. त्याबरोबर अख्ख्या पंगतीचे हात एकदम पानात गेले.

विश्वंभर कमळीवर वळला. “गूळ हातात होता ना तुझ्या?”

“होता.”

“मग दिला का नाहीस? वाट कुणाची बघत होतीस?”

कमळी खाली बघायला लागली. “तुम्ही यायचे होतात ना...”

तो आणखी काही बोलणार होता. शब्द जिभेवर आलेसुद्धा होते, चांगले धारदार. पण पंगतीच्या टोकाला धोंडू कमळीकडं बघत होता.

त्या नजरेत विश्वंभरला टोमणा असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त ओळख होती... एकाच खड्ड्यात पडलेल्या दोघांची असते, तशी.

विश्वंभरचे कान तापले. हातातला गुळाचा चिकटा कुठं पुसावा, ते त्याला कळेना. तो तसाच विहिरीपाशी गेला.

“भाटकर, मघाचं नाव काढा.”

“काढतो. मग कुणाचं घालू? जागा मोकळी सोडता येत नाही, साहेब.”

“माझं घाला.”

“साहेब, शेजारच्या जिल्ह्याचं मग...”

“मग नाही. लिहा.”

तो परत आला तेव्हा अक्कांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. त्या ताक-भात कालवत होत्या. विश्वंभर त्यांच्या पानाशेजारी जमिनीवरच बसला.

“नाव बदललं, अक्का.”

अक्कांनी कमळीकडं मीठ मागितलं.

शाबासकी येणार नव्हती. आपण तिच्यासाठीच थांबलो होतो, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कमळी लहान आहे,” तो अखेर म्हणाला. “ही माणसं पाहुणी. पण अक्का, मठ तुमचा. मला तुम्ही लिहायला शिकवलंत. जीव जायची वेळ आली होती... नुसता हात लांब करायचा होता. तुम्ही का थांबलात?”

अक्कांनी घास गिळला. त्याच्याकडं पाहिलं... मायेनंच पाहिलं.

“वाटलं, तू रागावशील.”