अमात्यांनी न पाहिलेली वाट

पूर्वी अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कुंभवती नगरात एका भोयाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव थावर. मेणा वाहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

कुंभवतीपासून राजमार्गापर्यंत दोन कोस नुसती दलदल होती. गाड्या रुतत, बैल पोटापर्यंत बुडत. सुईण राहायची राजमार्गावरच्या गावात. मागल्या वर्षी थावराची थोरली लेक तिच्याकडे नेताना वाटेतच, बापाच्या खांद्यावरच्या डोलीत गेली. धाकटी सामा आता सातव्या महिन्यात होती. थावराला घास गोड लागत नव्हता.

राजा दरवर्षी एका नगराला वाट बांधायला कोशातून अनुदान देई. कुंभवतीच्या पंचांनीही अर्ज पाठवला. त्यात अलंकार इतके होते की चिखल शोधावा लागे. तरी राजाने देविल नावाच्या अमात्यांना वाटेची पाहणी करायला धाडले.

पाहुणा राजाचा, म्हणून पंचांनी नको तेच केले. जाड पडद्यांचा मेणा पाठवला आणि तो वाहायला थावरासह चार निवडक भोई दिले. भोई कमरेइतक्या चिखलातून चालले, पण मेणा तसूभर कलला नाही. अमात्यांना छान डुलकी लागली.

पंचांच्या सभेत देविल म्हणाले, "पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही हो! या वाटेला काय धाड भरलीय? अनुदान दुसऱ्या नगराला जाईल." पंचांचे चेहरे उतरले. खूश झालेल्या देविलांनी हातातले कडे काढून थावरापुढे धरले. त्याने ते घेतले नाही.

बाहेर येताच बाकीचे भोई चिडले. "परत नेताना चांगलं आपटू या त्यांना. मग कळेल."

"खांद्यावर घेतलेल्या माणसाला आपटायचं नाही," थावर म्हणाला. "पण वाट दाखवल्याशिवाय मी त्यांना जाऊ देणार नाही."

सकाळी देविल मेण्यापाशी आले, तेव्हा थावर हात जोडून वाट अडवून उभा होता.

"स्वामी, शंभर पावलं माझ्या जागी दांडी धरा. मग द्याल तो निर्णय मान्य."

"वेड लागलंय का तुला? मी दांडी धरू?"

"एवढंच मागतो."

देविलांनी दटावले. सेवकांनी ढकलले. थावर पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला. ऊन डोक्यावर आले तरी त्याने पाण्याचा घोटही घेतला नाही. शेवटी देविल जवळ येऊन हळूच म्हणाले, "अरे, वाट झाली की गाड्या धावतील. मेण्यात कोण बसणार? स्वतःच्याच पोटावर पाय का आणतोस?"

"ठाऊक आहे, स्वामी. माझी एक लेक याच वाटेवर गेली. दुसरीला तरी पोचू द्या."

देविलांनी उपरणे कमरेला बांधून रिकाम्या मेण्याची दांडी खांद्यावर घेतली. दहाव्या पावलाला ते गुडघाभर रुतले, पंधराव्याला खांदा सोलवटला, विसाव्याला ते चिखलात बसले. थावराने त्यांना काखेत धरून वर काढले.

"मी वाटेवरून आलोच नाही रे," ते धापा टाकत म्हणाले. "तुमच्या खांद्यांवरून आलो."

अनुदान मिळाले. सगळे नगर दगड वाहायला लागले. सामाला कळा सुरू झाल्या, तेव्हा काम अजून चालूच होते, पण बैलगाडी जाईल इतकी वाट झाली होती. थावर गाडीमागून चालत गेला. आयुष्यात प्रथमच त्या वाटेवर त्याच्या खांद्यावर काही नव्हते, आणि आपल्या हातांचे काय करावे हे त्याला कळेना. दुपारी नातीचे रडणे ऐकू आले, तेव्हा तोही रडला. त्यानंतर कुंभवतीत कोणी मेणा मागवला नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचे देविल म्हणजे हा आनंद, सामा म्हणजे भिक्खुणी उत्पलवर्णा, नगरातले लोक तुम्ही, आणि थावर मीच होतो. जे मागतो आहोत त्याने आपलीच भाकरी जाणार हे ठाऊक असूनही जागचे न हलणे, यालाच अधिष्ठान म्हणतात."