अर्धा साकव

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ती कोणी सांगितली ते आठवत नव्हतं. तेव्हा लहानांनी पुढे सरका, मोठ्यांनी मागे बसा, आणि मध्येच 'पुढं काय, पुढं काय' करू नका. सांगायलाच बसलोय मी.

एक नदी होती. खोल, ओढीची आणि खडकाळ. तिच्यात होडी घातली की खडकावर आपटून फुटायची, म्हणून होडीचं नाव कोणी काढत नसे. नदीच्या ऐलतीरावर एकच गाव होतं, ऐलवाडी. पैलतीरावर चार-पाच गावं. या सगळ्या गावांचा मिळून एक मेळ होता. मेळाचा बाजार एक, मापं एक, पंच एक. ऐलवाडीची माणसं काथ्याचे दोर वळायची. पैलतीरावरून भात यायचं, मडकी यायची, मीठ यायचं. लेकी इकडून तिकडे जायच्या, सुना तिकडून इकडे यायच्या.

आणि हे सगळं चालायचं एका साकवावरून. साकव म्हणजे माडाची खोडं दोरांनी बांधून केलेला साधा पूल. दर पावसाळ्यात पूर यायचा आणि साकव घेऊन जायचा. दसरा झाला की दोन्ही तीरांची माणसं तो नव्यानं बांधायची. रीत अशी, की नदीच्या मध्यावर एक मोठा खडक होता, तिथपर्यंत ऐलवाडीनं आपल्या काठाकडून बांधायचं आणि पैलाडच्या लोकांनी त्यांच्या काठाकडून. खडकावर दोन्ही अर्धे भेटले की शेवटची गाठ मारायची. ती गाठ एकट्याला मारता येत नसे. एकानं दोर ताणून धरायचा, दुसऱ्यानं बांधायचा. धरायचा ऐलवाडीचा गावकर, म्हणजे गावचा प्रमुख, रवळू, आणि बांधायचा पैलाडचा मुख्य पंच बाबल. मग गूळखोबरं वाटायचं. रवळू दरवर्षी म्हणायचा, "बाबल, तुझी गाठ म्हणजे माझ्या बायकोचा राग. सुटता सुटत नाही." आणि दोघं दरवर्षी तितकेच हसायचे.

पण मेळाचे सगळे पंच पैलाडचे. दोर किती जाड वळायचा, ते ठरवणार ते, ज्यांनी जन्मात दोर वळला नाही. बाजार कोणत्या दिवशी भरवायचा, तेही ठरवणार तेच. एका वर्षी त्यांनी नेमका ऐलवाडीच्या देवीच्या जत्रेदिवशी बाजार ठेवला. झालं! ऐलवाडीचं डोकं फिरलं. त्यांचा राग खोटा नव्हता हो, उगाच कशाला म्हणू? आपल्या देवीचा दिवस दुसऱ्यानं पुसून टाकावा आणि आपण हसत बसावं, असं कुठं होतं का?

शिमग्याला सगळं गाव देवळात जमलं आणि ठरलं, की आता मेळ नको. आपलं गाव, आपली मापं, आपले पंच. रवळू स्वतः साकवावरून पलीकडे गेला आणि म्हणाला, "बाबल, आम्ही निघालो."

बाबलला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं असं म्हणायचं सोडून तो म्हणाला, "निघा."

एवढंच बोलणं झालं. जन्मभराचे दोस्त, पण ना याने विचारलं, ना त्याने सांगितलं.

आता रवळूची एक लेक होती, सगुण. पैलतीरावर दिलेली. पावसाळ्यात साकव जायच्या आधी ती येऊन आईच्या कानात एक गोड बातमी सांगून गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही तर रीतच. दसऱ्याला साकव झाला की सगुण यायची होती. तिची आई द्वारकी, तिनं पाऊसभर दुसरं काही केलं नाही. डिंक निवडला, खारका फोडल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, आणि आढ्याला पाळणा टांगून तो रिकामाच हलवून पाहिला.

इकडे देवळात पाऊसभर सभा चालल्या. विषय एकच, गावाचं पुढं कसं करायचं. झेंडा हवा, हे सगळ्यांना पटलं. पण हळदीसारखा पिवळा की कुंकवासारखा लाल? यावर गावात असं काही वाजलं, की सख्खे भाऊ एका पाटावर बसेनात. शेवटी पिवळ्या झेंड्याला लाल काठ लावला आणि ऐलवाडीत शांतता झाली. मग नवं माप झालं. मग वेशीला कमान झाली. मग नगारा आला.

द्वारकी खांबाशी उभं राहून विचारायची, "अहो, मीठ कुठून आणायचं ठरलं?"

"ते होईल," रवळू म्हणायचा.

"भात?"

"होईल गं."

"आणि साकवाचं काय?"

"होईल म्हटलं ना! इथं झेंड्याचं चाललंय, तुझं काय मध्येच?"

'होईल' हा ऐलवाडीचा लाडका शब्द. गोड माणसं, कोणाला तोंडावर नाही म्हणायची नाहीत. म्हणून 'होईल' म्हणायची, आणि एकदा 'होईल' म्हटलं की ते काम झालंच असं धरून चालायची. असं गाव मला फार आवडतं, पण अशा गावाबरोबर लग्नाचं कार्य काढू नये.

दसरा झाला. सगळी ऐलवाडी दोर घेऊन नदीवर उतरली. वेगळ्या झालेल्या गावाचा पहिलाच साकव, म्हणून सगळ्यांनी जीव ओतला. कधी नव्हे इतका देखणा साकव बांधला, मधल्या खडकापर्यंत. टोकाला झेंडा रोवला, नगारा वाजवला आणि पैलतीराकडे बघितलं.

तिकडे एक बगळा उभा होता. बाकी कोणी नाही.

पूर्ण साकव आपणच बांधायचा, असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या अर्धाच बांधला होता ना! आणि उरलेला पलीकडच्यांनी बांधावा, हे पलीकडच्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"येतील," एक जण म्हणाला.

"होईल," दुसरा म्हणाला. आणि सगळे घरी जेवायला गेले.

पैलाडचेही काही कमी नव्हते बरं का. ते म्हणत होते, "सोडून गेले ते, गेले. नड लागली की येतील नाक घासत." त्यांचे विहिरीवरचे दोर झिजून तुटत होते, पोहरे पाण्यात पडत होते, बायका शिव्या घालत होत्या. तरी कोणी तोंड उघडेना. ऐलवाडीत मिठाच्या बरण्यांचा तळ दिसायला लागला, तरी रवळूही हाक मारीना. हट्टाला हट्ट आणि मध्ये वाहतं पाणी.

अशात एका सकाळी पैलतीरावर सगुण येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या हाताला धरून, जडावलेली. दिवस अगदी भरत आले होते. रवळू धावत अर्ध्या साकवाच्या टोकाला गेला. मागोमाग द्वारकी, आणि तिच्यामागे सगळं गाव.

सगुणनं झेंडा बघितला. खाली पाणी बघितलं. मग ओरडून विचारलं, "बाबा, उरलेला साकव कुठाय?"

"उरलेला त्यांचा, बाळा!"

"मग त्यांना सांगितलंत?"

रवळूनं गावाकडे बघितलं. गावानं झेंड्याकडे बघितलं. सवयीनं त्याच्या तोंडातून तेच आलं, "होईल गं."

सगुण खडीवर बसली. तिला रडू आलं. "होईल म्हणजे करील कोण, बाबा?"

नदी मोठ्यानं वाहत होती, तरी ते सगळ्यांना ऐकू आलं.  द्वारकीनं नवऱ्याकडे बघितलं.  रवळूला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं आणि पोटातून हाक मारली, "बाबल! अरे बाबल!"

बाबल आला. म्हणजे तो झाडाआडच उभा होता. त्याला कुठं घरात बसवत होतं!

"मेळात परत येता का?" बाबलनं विचारलं.

"नाही येत," रवळू म्हणाला. "ते ठरलं ते ठरलं. मी साकवाचं विचारतोय. खरं तर ते शिमग्यालाच विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

बाबल पाण्याच्या कडेपर्यंत आला. मग म्हणाला, "मीही तेव्हाच विचारायला हवं होतं. वाईट वाटलं रे मला. म्हणून तोंड शिवून बसलो." आणि वळून आपल्या माणसांवर ओरडला, "बघताय काय? खोडं आणा!"

इकडून दोरांची भेंडोळी फेकली, तिकडून खोडं आली. पैलतीरचा अर्धा साकव पुढं सरकू लागला. पण साकव काही बोलण्यानं होत नाही, आणि बाळ काही कोणासाठी थांबत नाही. दुपारी सगुणला कळा सुरू झाल्या. तिला काठावरच्या बाबलच्या घरी नेलं. द्वारकी कमरेला डिंक-खारकांचं गाठोडं बांधून मधल्या खडकावर उभी राहिली ती हलेना. मध्ये फक्त एका खोडाचं अंतर उरलं होतं, तेव्हा बाबलच्या अंगणातून थाळी वाजली. बाळ झालं होतं. मुलगी. माहेरच्या पाळण्याशेजारी नाही, आईच्या हातात नाही, दुसऱ्याच्या घरी.

द्वारकी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. शेवटचं खोड टेकलं तशी ती निघालीच.

"अगं थांब, गाठ मारायचीय!" रवळू म्हणाला.

"तुमची गाठ राहू दे. मला जाऊ दे."

मग रवळूनं एका बाजूनं दोर ताणून धरला, बाबलनं दुसऱ्या बाजूनं. त्या न बांधलेल्या साकवावरून, दोघांच्या हातांच्या भरवशावर, द्वारकी पलीकडे गेली. ती काठाला लागल्यावरच गाठ बसली.

पुढं ऐलवाडी वेगळीच राहिली. तिची मापं तिची, तिची जत्रा तिची, आणि दोर पाहिजे तेवढा जाड. पण मधल्या खडकावर दोन्हीकडची माणसं बसली आणि बोलून ठरवलं, की साकव दोघांचा. बाजार जत्रेच्या दिवशी नको. मीठ इकडे येईल, दोर तिकडे जाईल, आणि लेकीबाळींना कोणत्याही कमानीखाली कोणी अडवणार नाही. हे बोलणं आधी झालं असतं, तर एवढं रामायण झालंच नसतं.

दर दसऱ्याला गूळखोबरं वाटताना द्वारकी म्हणायची, "लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून गेलं, ते तुमच्या झेंड्यापायी." रवळू मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मग ती त्याच्या हातावर इतरांपेक्षा मोठा गुळाचा खडा ठेवायची. नात मात्र साकवावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत असायची आणि दोन्हीकडे जेवून यायची.

ऐलवाडीत आजही सभेत कोणी 'होईल' म्हणालं, तर मागं बसलेल्या बायका एका आवाजात विचारतात, "करील कोण?" आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत सभा उठत नाही.

म्हणून सांगतो, वेगळं व्हायचं तर खुशाल व्हावं. पण काय सोडायचं ते ठरवण्याआधी काय धरून ठेवायचं ते ठरवावं.