खोताच्या तोंडाचा चिखल

चपला काढा आधी. का, ते चालता चालता सांगतो. आणि पाय मळतील म्हणून तोंडं वाकडी करू नका. चिखलाला नाकं मुरडणारा एक महापुरुष या बांधावर होऊन गेलाय, त्याचीच गोष्ट आहे.

डावीकडे खाडी, तिवरं, ओहोटीच्या चिखलात टपून बसलेला बगळा. उजवीकडे भाताची खाचरं. मधे हा मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग वर्षानुवर्षं तिथे गवतही धरत नाही. समोर वळणावर चिखलानं लडबडलेला धोंडा दिसतोय ना, तो देव नव्हे. हात जोडू नका, उगाच चढेल त्याला.

फार मागे इथे विसाजी खोत होता, असं सांगतात. बांध घालताना हा छत्रीखाली बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. वळणावर बांध सारखा फुटे. लोक कंटाळून गाव सोडायला निघाले, तेव्हा खोतानं खाडीचं पाणी हातात घेऊन शपथ वाहिली म्हणे, की पुन्हा इथे खांड पडली तर पाणी अडवायला त्या भगदाडात मी स्वतः उभा राहीन. बोलाचीच कढी, पण लोक भुलले. गावातली ठमीसुद्धा भुलली. तिचा नवरा गोमा बिऱ्हाड बांधत होता, तिनंच त्याला थांबवलं. खोत एवढं बोलतोय तर राहू या, म्हणाली.

भादव्यातल्या अवसेच्या उधाणाला भरदिवसा खांड पडली. सगळा गाव चिखलाच्या पाट्या घेऊन धावला. पण धार अशी, की टाकलेला चिखल टिकेना. कुणीतरी आत उभं राहून पाणी अडवायला हवं होतं. सगळे खोताच्या वाटेकडे बघत राहिले. आला तो त्याचा बैलगाडा. गाड्यात हा धोंडा, धोंड्याला खोताचा रुमाल गुंडाळलेला. गाडीवानानं निरोप सांगितला, "खोत म्हणतात, हा धोंडा म्हणजे मीच. याला उभा करा."

धोंडा लोटला, तर तो कलंडून कडेला पडला. मालकासारखाच निघाला मेला!

तेव्हा गोमा उतरला. धारेला पाठ देऊन उभा राहिला आणि लोक त्याच्या पुढ्यात चिखल रचू लागले. चिखल छातीला आला तरी पाणी हटेना. गोम्याला ओढून काढावं तर सगळं शिवार जाणार. ठमीच्या डोक्यावर भरलेली पाटी होती, ती तिला उतरवेना.

गोमा तिला म्हणाला, "टाक गो. थांबू नको."

तिनं टाकली. बांध धरला. गोमा आतच राहिला.

पाणी ओसरल्यावर कोरडं धोतर नेसून खोत आला. धोंडा उभा करवला, शेंदूर मागवला, माझ्या धोंड्यानं गाव राखलं म्हणून पूजा मांडली. लोक लाचार, रांगेत उभे राहिले. ठमी रांग मोडून पुढे आली. तिच्या हातात फूल नव्हतं.

"खोत, हा धोंडा म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच," खोत छाती काढून म्हणाला.

ठमीनं मूठभर चिखल धोंड्याच्या तोंडावर थापला आणि चालती झाली. तिच्यामागून रांगेतल्या प्रत्येकानं वाकून चिखल उचलला. खोत स्वतःच कबूल करून बसलेला, अडवणार कुणाला! त्यानंतर तो या बांधावर फिरकला नाही, म्हणतात.

आजही इथून जाणारा प्रत्येक जण खालचा चिखल उचलून धोंड्याला फासतो. खोताचे वंशज गणपतीला येतात, तेही मुकाट्यानं फासतात. तो चिखल ओघळून बांधावर बसतो, म्हणून हे वळण सगळ्यात उंच; इथे पुन्हा कधी खांड पडली नाही. तुम्हीही वाका, मूठ भरा.

गोम्याचा दगड कुठे, म्हणून विचारू नका. त्याला दगड नाही. तुम्ही आत्ता उभे आहात तिथेच तो आहे, म्हणून चपला काढायला सांगितल्या.