मिटल्या तोंडाची जांभई

कुंभारझरीच्या दरबारात जांभई दिली की नोकरी जायची. म्हणून फार पूर्वी तिथे एक गुप्त मंडळ निघालं. सभासदांनी तोंड मिटून जांभई द्यायची आणि डोळ्यांत आलेल्या पाण्यावरून एकमेकांना ओळखायचं.

पुढे मंडळाचा बोलबाला झाला, सभासद तेवढे गुप्त राहिले. मंडळ काढल्याचा मान कुणाचा, यावर मात्र वाद होता. सरदार नागोजीराव म्हणत, आमच्या पणजोबांनी. पंखा ढाळणारी ठकूबाई म्हणे, माझ्या पणज्यानं. शेवटी सरदारांनी महाराजांकडे फिर्याद नेली, की बाई खोटी ठरली तर तिला कामावरून काढा.

सुनावणीला सरदार सकाळी बोलायला उभे राहिले. दुपार झाली तेव्हा त्यांच्या हकिकतीत पणजोबांना नुकते दात येत होते. महाराजांचे डोळे पाणावलेले पाहून सरदारांना आणखी जोर चढला.

"आमच्या घराण्याचा इतिहास ऐकून महाराजांनाही गहिवरून आलं," ते म्हणाले.

महाराजांनी घाईघाईनं ठकूबाईला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"सरदारसाहेबांचं निम्मं खरं आहे, महाराज. त्यांच्या पणजोबांशिवाय मंडळ निघालंच नसतं. ते दरबारात बोलायचे, आणि माझा पणजा मागे पंखा ढाळत तोंड मिटून जांभई द्यायचा."

"पुरावा काय?" सरदार गरजले.

"एखाद्या सभासदालाच विचारा की," असं म्हणून ठकूबाईनं महाराजांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं.

महाराजांनी निकाल द्यायला तोंड उघडलं, पण बाहेर पडली ती भलीमोठी जांभई. निकाल मग वेगळा सांगावा लागला नाही.