टिटवीने टाकलेला वसा

गवताच्या एका लांबरुंद माळावर एक टिटवी घर करून होती. घर म्हणजे काय, उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करून त्यांत ठेवलेली चार अंडी. तिच्या आईने तिला एक वसा दिला होता : माळावर परका पाय दिसला की ओरडायचे, मग तो कोणाच्याही घरट्याकडे वळलेला असो. टिटवी तो मनोभावे पाळी. तिच्या एका हाकेने ससे गवतात दडत, चंडोल पिले झाकत.

पुढे त्या माळावर एक माळढोकीण राहायला आली. उंच मान, संथ चाल, आणि पायात वनखात्याच्या माणसांनी घातलेला चकचकीत वाळा. तिने एकच अंडे घातले, तर त्यांनी आसपासची चराई बंद केली. एक पहारेकरी दिवसभर लांबून दुर्बिणीने तिच्याकडे बघत बसू लागला. टिटवीला अन्न गोड लागेना. आपली चार अंडी, पण तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. घसा आपण फोडायचा आणि दागिना हिला! ससा समजूत घालायला गेला, तर त्यालाच टोमणा मिळाला, "जा, राणीसाहेबांच्या वाळ्याला घुंगरू बांधून ये."

एके सकाळी दोन मोकाट कुत्री माळढोकिणीच्या बाजूने माळात शिरली. टिटवीने चोच उघडली, आणि मिटली. आज एक दिवस नाही ओरडले तर काय बिघडले? वाळा वाचवील तिला! ती मजा बघायला पलीकडच्या दगडावर जाऊन बसली. पण कुत्री हुंगत हुंगत आली ती थेट तिच्याच खड्यांपाशी. एक अंडे पायाखाली फुटले. तेव्हा टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली. ते ऐकून माळढोकीण आपले अंडे सोडून उठली आणि पंख पसरून कुत्र्यांच्या अंगावर धावली. ती उठलेली दुर्बिणीत दिसताच पहारेकरी काठी घेऊन पळत आला, तशी कुत्री शेपूट घालून पसार झाली.

उरलेल्या तीन अंड्यांवर टिटवी जाऊन बसली. मान खाली घालून तिने सगळे कबूल केले. माळढोकीण म्हणाली, "बाई गं, हा वाळा मिरवायला नाही घातला. आमच्या जातीच्या इतक्या थोड्या उरल्यात, की कोण कुठे गेली, जगली की मेली, हे कळावे म्हणून केलेली खूण आहे ही. तुला जशा टिटव्या भेटतात, तशा मला माझ्या दहा जणी भेटल्या असत्या, तर हा वाळा मी कधीच टाकून दिला असता."

दुसऱ्या दिवशी उजाडताच माळढोकिणीच्या बाजूच्या गवतात कोल्ह्याचे कान हलले, आणि टिटवीने सारा माळ जागा केला. देवाच्या दयेने तिची तीन पिले सुखरूप बाहेर आली, आणि माळढोकिणीचे ते एकुलते एक पिलूही.

तात्पर्य : एका दुर्मीळ जिवासाठी राखलेला माळ सगळ्यांचीच घरटी राखतो, म्हणून, मुलांनो, दुसऱ्याला मिळणाऱ्या मायेच्या हेव्यापायी आपला वसा टाकू नये.