झोळीतलं पोर आणि पळणारं करडू

माळावर कुंपणं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. धनगरांच्या तळावर एका शेळीला करडू झालं. दुपारपर्यंत ते उड्या मारू लागलं. बिरूचं पोर महिन्याचं झालं होतं, तरी बाभळीला टांगलेल्या झोळीत पडूनच होतं.

"याला मानसुद्धा सावरत नाही," शेळी म्हाताऱ्या घोडीला म्हणाली. "मग हे दिवसभर करतं तरी काय?"

"येणाऱ्याचं तोंड बघतं. तेवढंच जमतं त्याला."

"आणि अडलं तर?"

"रडतं. ज्याचे हात मोकळे असतील, तो उचलतो. तळाची रीतच आहे."

"माझ्या लेकराला नको बाई कुणाचे हात," असं म्हणून शेळी करडाला बाभळीखाली सोडून चरायला गेली.

थोड्या वेळाने झुडपातून लांडगा आला. करडाने लांडगा कधी पाहिला नव्हता. ते शेपूट हलवत त्याच्याकडेच निघालं. शेळीने दुरून पाहिलं आणि ती धावत सुटली, पण अंतर फार होतं.

तेवढ्यात पोराला भूक लागली. त्याने टाहो फोडला. चुलीपाशी बसलेली आजी उठली, बिरू आला, शेजारीण आली. माणसं पाहून लांडगा पळाला.

"काय गं," घोडी म्हणाली, "तुझं पळणारं पिल्लू पळत कुठं चाललं होतं?"

धावत आलेली शेळी करडाला अंगाशी घेऊन बाभळीखाली उभी राहिली. पोर आजीकडून बिरूकडे गेलं, बिरूकडून शेजारणीकडे. प्रत्येकाचं तोंड ते नीट बघत होतं. शेवटी त्याची नजर शेळीवर आली.

त्याचं बघून होईपर्यंत शेळी जागची हलली नाही.